घरांच्या वादात बोलायला उठण्याआधी

एक वही घ्या. आजवर ज्या ज्या घरांत राहिलात, ती सगळी एकाखाली एक लिहून काढा. प्रत्येक घरापुढे चार गोष्टी लिहा: तुमच्या आधी तिथं कोण राहत होतं, तुम्ही ते का सोडलंत, तुमच्यामागून कोण आलं, आणि तेव्हा महिन्याच्या कमाईतले शंभरातले किती घरावर जात होते. आठवत नसेल तिथं नुसती रेघ ओढा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ते झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मी माझ्या गटात सांगते. इथंही तेच सांगते.

मी संख्याशास्त्र शिकवते. गेली नऊ वर्षं महिन्यातून एका संध्याकाळी एक अभ्यासगटही चालवते. शहराच्या आराखड्यावर किंवा नव्या बांधकामावर सुनावणी लागली, तिथं उठून बोलायचं आहे, पण काय आणि कसं बोलावं ते ठरत नाही, अशी माणसं त्यात येतात. भाडेकरू असतात, घर भाड्यानं देणारे असतात, एखादा वास्तुविशारदही असतो. पहिल्या दहा मिनिटांत वाद पेटतो. एक जण म्हणतो, बांधूच देत नाहीत, मग भाव चढणार नाहीत तर काय? दुसरा म्हणतो, बांधतात ती सगळी पैसेवाल्यांसाठी, आम्हाला त्याचं काय? दोघंही मनापासून बोलत असतात. मात्र एकाच्या मनात वीस वर्षांनंतरचं शहर असतं आणि दुसऱ्याच्या मनात येत्या महिन्याचं भाडं.

माझ्या वहीत सात घरं आहेत. चौथ्यापुढे ५२ हा आकडा आहे. कमाईतले शंभरातले बावन्न भाड्यात जायचे. त्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलला होता आणि मी वर्षभर जुन्याच काचांनी पेपर तपासले. माझ्यासाठी या विषयाची सुरुवात तिथून होते, म्हणून मी लोकांनाही तिथूनच सुरुवात करायला लावते.

एका संध्याकाळी घरकामं करणाऱ्या एक बाई आणि एक वास्तुविशारद शेजारी शेजारी बसले होते. बाईंच्या यादीत अकरा घरं होती. त्यांतल्या नऊ घरांपुढे कारण एकच, ‘मालकानं सांगितलं’. वास्तुविशारदाच्या यादीत तीन घरं होती आणि तिन्हीपुढे ‘मोठं हवं होतं’. मी बोलायचं ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि ते दोन कागद टेबलावर जोडून ठेवले. पुढचे दोन तास आम्ही त्या दोन कागदांवरच बोललो. तेव्हापासून कुठलाही दावा कानावर आला की मी चार प्रश्न विचारायला सांगते: कोणतं घर? कुणासाठी? कधीपर्यंत? आणि कशाच्या तुलनेत?

‘परवडणारं’ हा शब्द सोडवून घ्या

सुनावणीत हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो आणि त्याची व्याख्या सर्वांत कमी वेळा सांगितली जाते. कमाईच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च म्हणजे परवडणारं, असं सर्रास धरतात. हा आकडा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी भाड्याला कमाईच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० केली, आणि पुढे जगभर तीच पट्टी वापरात आली. म्हणजे एका देशातल्या एका योजनेचा हा प्रशासकीय निर्णय आहे.

त्यातली खोट समजून घ्यायला साधं गणित पुरतं. एका घराची कमाई १०० आहे, दुसऱ्याची ४०. दोघांनीही ३० टक्के दिले तर पहिल्याकडे ७० उरतात, दुसऱ्याकडे २८. औषधं, शाळा, प्रवास यांचे दर दोघांना सारखेच. म्हणून टक्क्यांबरोबर ‘घराचा खर्च भागवून हातात किती उरतं’ हेही विचारा. आणि घर लांब असेल तर रोजच्या प्रवासाचा पैसा आणि वेळ घराच्या खर्चातच धरा. स्वस्त घर म्हणून दाखवलेलं घर अनेकदा या बेरजेत महाग निघतं.

दुसरी गल्लत म्हणजे भाव, भाडं आणि हप्ता एकाच पारड्यात टाकणं. वीस वर्षांचं कर्ज असेल आणि व्याजदर ९ वरून ७ टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच हप्त्यात साधारण १६ टक्के जास्त कर्ज मिळतं. सगळ्याच खरेदीदारांच्या हातात ही जास्तीची ताकद आली की भाव वर सरकतात. एक वीटही इकडची तिकडे झालेली नसते. भाड्याचं तसं नाही. भाडं लोक महिन्याच्या पगारातून देतात, त्यामुळे राहायला घरं कमी आहेत की जास्त, याचा अंदाज भाड्यावरून अधिक चांगला येतो. कुणी ‘भाव’ म्हणालं की थांबवून विचारा, विकत घेण्याचा की राहण्याचा?

स्पेनचं उदाहरण इथं मला फार महत्त्वाचं वाटतं. २००६ या एका वर्षात तिथं ८ लाखांहून जास्त नव्या घरांना परवानग्या दिल्या गेल्या, आणि तरी भाव वाढत होते, कारण कर्ज सहज मिळत होतं आणि आणखी वाढतील या भरवशावर लोक घेत होते. २००८ नंतर भाव कोसळले, पण २०१३ पर्यंत बेरोजगारी २५ टक्क्यांच्या वर गेली होती. घर स्वस्त झालं तेव्हा घ्यायला पगार नव्हता. तेव्हा भाव खाली आला म्हणजे घर परवडू लागलं, हे गृहीत धरू नका.

घरांची साखळी हातानं काढून पाहा

आता वहीकडे परत या. ‘तुमच्यामागून कोण आलं’ हा रकाना पाहा. नवीन महागडं घर बांधलं की त्यात राहायला जाणारं कुटुंब कुठलं तरी जुनं घर रिकामं करतं. त्यात दुसरं कुटुंब जातं, ते आणखी जुनं घर मोकळं करतं. बाजारभावानं बांधलेल्या घरांचा फायदा खालपर्यंत पोचतो, असं म्हणणाऱ्यांचा सगळा भरवसा या साखळीवर असतो.

ही साखळी काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या १२ शहरांत नव्या इमारतींत राहायला आलेल्या ५२ हजार लोकांचे आधीचे पत्ते इव्हान मास्ट या अर्थतज्ज्ञानं शोधले, मग त्या पत्त्यांवर कोण आलं ते शोधलं, आणि असं मागे मागे जात राहिला. त्याच्या हिशेबानं बाजारभावाची १०० नवी घरं बांधली की साधारण पाच वर्षांत मध्यमपेक्षा कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतून ४५ ते ७० जण बाहेर पडू शकतात, म्हणजे तिथली मागणी तेवढी हलकी होते. हेलसिंकीत संपूर्ण लोकसंख्येच्या नोंदी वापरून असंच काम झालं. तिथंही साखळी मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या वस्त्यांपर्यंत लवकर पोचलेली दिसली.

हे वाचल्यावर माझं स्वतःचं मत बदललं, हे मोकळेपणानं सांगते. श्रीमंतांसाठी बांधलेल्या घराचा गरिबाला काहीच उपयोग नाही, असं मी आधी ठामपणे म्हणत असे. आता म्हणत नाही.

पण साखळी कुठं तुटते तेही पाहा. गटात आम्ही सगळ्यांच्या याद्या एकमेकींना जोडून पाहतो. नव्या घरात येणारा बाहेरगावचा असेल तर या शहरात त्याच्यामागे घर रिकामं होत नाही. घेतलेलं घर दुसरं, तिसरं म्हणून कुलूप लावून ठेवलं तर साखळी पहिल्याच कडीला संपते. जुनं घर मोकळं होताच पाडलं तरीही तेच. आणि सर्वांत खालची कडी म्हणजे त्या अकरा घरं बदललेल्या बाई. तिथपर्यंत घर पोचतं तेव्हाही डिपॉझिट आणि महिन्याचं भाडं त्यांच्या कमाईत बसेलच असं नाही. कारण घर राहण्यालायक ठेवायला, त्याची दुरुस्ती-देखभाल करायला काही किमान खर्च येतो आणि त्याखाली भाडं फार काळ जात नाही. पुरवठा कितीही वाढवला तरी या तळाच्या थरासाठी सार्वजनिक पैसा लागतोच, असं माझं ठाम मत आहे.

साखळीला लागणारा वेळ विसरू नका. परवानगीपासून ताब्यापर्यंत काही वर्षं, मग साखळी खालपर्यंत यायला आणखी काही. ज्याला तीस दिवसांत घर सोडायला सांगितलंय, त्याला हे उत्तर देणं म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणं आहे.

‘झालं’ आणि ‘न केल्यास झालं असतं’ यांतला फरक

आकडेमोडीत सर्वांत जास्त लोक इथं फसतात. ‘तिथं इतकं बांधलं तरी भाडी वाढलीच’ हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलं असेल! भाडी वाढली हे खरं. प्रश्न असा, की बांधलं नसतं तर किती वाढली असती?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं २०१६ च्या अखेरीस नवा आराखडा लागू केला आणि निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली. पाच वर्षांत परवानग्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. भाडी काही उतरली नाहीत, वाढली. पण देशातल्या इतर शहरांच्या कलावरून ‘आराखडा नसलेलं ऑकलंड’ कागदावर उभं केलं, तर त्याच्या तुलनेत तीन बेडरूमच्या घरांची भाडी सहा वर्षांत सव्वीस-अठ्ठावीस टक्के कमी राहिली, असं तिथल्या संशोधकांनी मांडलं. इतर काही अर्थतज्ज्ञांनी या पद्धतीवरच आक्षेप घेतला. मी गटात दोन्ही बाजू सांगते, कारण ‘न झालेलं’ शहर कुणी पाहिलेलं नसतं. ते कसं उभं केलं, कुठली शहरं घेतली, कुठली सोडली, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

उलटं उदाहरणही जवळ ठेवा. शिकागोत २०१३ आणि २०१५ मध्ये रेल्वे स्थानकांजवळ जास्त बांधकामाला मुभा दिली. योना फ्रीमार्क यांच्या अभ्यासात पाच वर्षांपर्यंत परवानग्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. जमिनीचे भाव मात्र चढले. यावरून मी एक नियम करून घेतला आहे. थोड्याच जमिनीवर चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मापाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढवून दिलं, तर तो फायदा त्या मोजक्या जमीनमालकांच्या खिशात जाण्याची भीती जास्त. सगळीकडे दिलं तर प्रत्येक मालकाला माहीत असतं की शेजारच्याकडेही तीच मुभा आहे, त्यामुळे अडून बसता येत नाही. सुनावणीत एफएसआय वाढवण्याचा प्रस्ताव असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: किती जमिनीवर, आणि जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला किती भाग सार्वजनिक कामाला परत येणार?

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचं नाव हल्ली सारखं घेतलं जातं. २०१७ ते २०२२ या काळात तिथं घरांचा साठा १२ टक्क्यांनी वाढला आणि भाडी फक्त १ टक्का, तर त्याच राज्याच्या उरलेल्या भागात भाडी १४ टक्क्यांनी वाढली. त्याचं श्रेय अनेक जण एका घराच्या जागी तीन घरांना दिलेल्या मुभेला देतात. ते बरोबर नाही. तशी घरं थोडीच झाली. खरी भर पडली ती मोठ्या रस्त्यांलगतच्या मोठ्या इमारतींमुळे, आणि पार्किंगची सक्ती सैल केल्यामुळे. उदाहरण देणाऱ्यानं नेमकं काय बदललं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण चुकीचीच गोष्ट नकलू.

आणखी एक, अगदी छोटं पण हमखास विसरलं जाणारं: बांधलेल्या घरांतून पाडलेली घरं वजा करा. २०० नवी घरं म्हणून जाहीर केलेल्या कामात ९० जुनी पाडली जात असतील तर भर ११० ची. त्या ९० घरांतली माणसं कुठं गेली, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न. तसंच लोकसंख्येऐवजी कुटुंबं मोजा. माणसं तेवढीच राहिली आणि कुटुंबं लहान होत गेली, तरी घरं जास्त लागतात.

रिकाम्या घरांचा आकडा

‘एवढी घरं रिकामी पडलीत, नवी हवीत कशाला?’ हा मुद्दा टाळ्या घेतो. जपानच्या २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. ऐकून धक्का बसतो. पण त्यातली जवळपास निम्मी भाडेकरूच्या प्रतीक्षेत होती, आणि उरलेल्यांतली कितीतरी तरुण माणसं सोडून गेलेल्या गावांत. टोकियोत नोकरी करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे रिकामं म्हणजे कुठं, किती काळ आणि का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा वापरू नका. थोडी घरं कायम रिकामी असावीच लागतात, नाहीतर कुणाला घर बदलताच येणार नाही. मुद्दाम बंद ठेवलेल्या घरांवर कर लावणं मला रास्त वाटतं. व्हँकुव्हरनं २०१७ पासून तो घराच्या किमतीच्या १ टक्का लावला आणि पुढे ३ टक्क्यांवर नेला. पण तेवढ्यावर शहराची गरज भागेल, असं कुणाला सांगू नका.

भाडेनियंत्रणावर बोलताना

इथं आवाज चढतात, म्हणून सावकाश बोला. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ साली १९८० पूर्वीच्या लहान इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झालं. पुढे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाहिलं, तर भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली होती. त्याच वेळी मालकांनी भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली, विकून किंवा नव्यानं बांधून, आणि शहरभरची भाडी सुमारे ५ टक्क्यांनी चढली. दोन्ही बाजू याच अभ्यासातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. तुम्ही पूर्ण वाक्य बोला.

बर्लिननं फेब्रुवारी २०२०मध्ये भाड्यांवर झाकण घातलं, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे भाडं घ्यायला मनाई केली. आत राहणाऱ्यांना दिलासा मिळाला, पण भाड्यानं देण्याच्या जाहिराती निम्म्याहून जास्त घटल्या. नवीन येणाऱ्यानं शोधायचं कुठं? एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयानं तो कायदा रद्द केला, पण कारण अर्थशास्त्राचं नव्हतं. तो अधिकार बर्लिन राज्याचा नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. त्या निकालाचा आधार घेऊन ‘भाडेनियंत्रण चुकीचं ठरलं’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच दुरुस्त करा.

माझं मत विचाराल तर वर्षाला किती वाढ करता येईल याची मर्यादा आणि विनाकारण घर खाली करून घ्यायला बंदी, या दोन गोष्टी असाव्यात. नव्या बांधकामाला काही वर्षं त्यातून सूट असावी. ज्यांच्या यादीत नऊ वेळा ‘मालकानं सांगितलं’ असं लिहिलंय, त्यांना पुरवठ्याची वाट पाहायला लावायची तर तोवर पायाखालची जमीन तरी स्थिर हवी.

व्हिएन्ना आणि सिंगापूर

ही दोन नावं घेण्याआधी त्यांची पूर्ण गोष्ट वाचा. व्हिएन्नात जवळपास निम्मे लोक महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात. १९२३ साली शहरानं चढत्या दरानं घरपट्टीसारखा खास कर लावला, महागड्या घरांवर जास्त, आणि त्यातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं उभी केली. पण १९१० मध्ये वीस लाखांवर असलेली व्हिएन्नाची वस्ती नंतर घटून पंधरा लाखांपर्यंत आली आणि पुन्हा वीस लाखांवर जायला २०२३ उजाडलं. शहर आकसत असताना घरं बांधली गेली. तो शंभर वर्षांचा साठा आज कामी येतो. सिंगापूरनं १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं आणि १९६६ च्या कायद्यानं जमीन ताब्यात घ्यायचे जबर अधिकार सरकारला दिले. आज सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात, पण त्यांची मालकी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. दोन्हीकडे जमीन आणि पैसा सार्वजनिक हातात होता. ‘आपणही तसं करू’ म्हणणाऱ्याला विचारा, जमीन कुणाकडून आणि कुठल्या करातून?

प्रत्यक्ष बोलायची वेळ

सुनावणीत साधारण तीन मिनिटं मिळतात. एक मिनिट तुमच्या वहीतल्या एका घराला द्या, संपूर्ण यादीला नको. दुसरं मिनिट एका आकड्याला, त्याचं वर्ष आणि तुलना कशाशी, यासकट. तिसऱ्या मिनिटात एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो, नाही किंवा आकडा असंच देता येईल. ‘गरिबांचं काय?’ असं विचारलं की भाषण मिळतं. ‘पाडल्या जाणाऱ्या ९० घरांतल्या किती कुटुंबांना त्याच जागी, सध्याच्या भाड्यात घर मिळेल?’ असं विचारलं की कागद चाळावे लागतात.

त्या बाई बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी अकराव्या घराबद्दल सांगितलं. खिडकीच्या चौकटीवर मुलीची उंची दरवर्षी पेन्सिलीनं आखायची म्हणून त्यांनी एक पट्टी ठेवली होती, पण कुठल्याच घराच्या चौकटीवर दोनपेक्षा जास्त रेघा झाल्या नाहीत. मग त्यांनी हाच प्रश्न विचारला. समोरच्या अधिकाऱ्यांनी माहिती घेऊन कळवतो म्हटलं.

असं उत्तर आलं तर घरी येऊन त्याच रात्री तो प्रश्न त्याच शब्दांत कागदावर लिहा, सुनावणीची तारीख आणि विषय वर घाला, दोन प्रती काढा. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊन पोच ठेवा. ती पोच वहीत, त्या घराच्या पानावर चिकटवा. पुढच्या सुनावणीला वही बरोबर न्या.